बाबांनी फोनला विचारलं ते

माझे वडील रिसोडच्या बाजारात हर्रास बोलायचे. सोयाबीनच्या ढिगाशी उभं राहून त्यांनी भाव पुकारला की फाटकाबाहेरच्या चहावाल्यालाही तो ऐकू जायचा. मागच्या वर्षी त्यांना लकवा मारला. हातपाय सावरले, जीभ मात्र जड झाली. त्यांचं बोलणं आईला आणि मला तेवढं कळायचं.

दिवाळीत बहीण आणि जावई आले. जावयांच्या नव्या फोनला मराठीत काहीही विचारा, तो बोलून उत्तर द्यायचा. ओसरीवर सगळे जमले. आईनं विचारलं, "अनारशाचं पीठ सैल झालं तं काय करा लागते?" उत्तर तिला पटलं. काकांनी तुरीवरच्या अळीचं विचारलं.

मग जावयांनी फोन बाबांच्या तोंडासमोर धरला. "बाबा, आता तुमी विचारा."

बाबा बोलले. पडद्यावर उमटलं, 'बोकड येईन का वापस.' जावयांनी ते मोठ्यानं वाचलं आणि ओसरी हसली. बाबाही हसले. पुन्हा बोलले. या वेळी बोकडाची गोळी झाली. काकांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं.

"याले समजूनच नाही राह्यलं," जावई म्हणाले. "अजून एक डाव, बाबा. जरा जोरानं."

बाबांनी छाती भरून घेतली. शब्द फुटायच्या आधी लाळच हनुवटीवर उतरली. आई पदरानं पुसायला गेली, तर त्यांनी तिचा हात सारला आणि माझ्याकडं वळले. मी विचारावं, असं ते म्हणत होते.

"राहू द्या ना, बाबा."

त्यांनी मांडीवर हात आपटला. मग मी फोन घेतला. "लकव्यानं गेलेली बोली वापस येते का?"

हसणं थांबलं. फोननं स्वच्छ आवाजात सांगितलं की सुधारणा पहिल्या काही महिन्यांतच जास्त होते, त्यानंतर बोलणं पूर्ववत होण्याची शक्यता कमी असते. तो पुढंही बोलत होता, पण जावयांनी माझ्या हातून घेऊन तो बंद केला.

"कायले विचारा लागते असं?" ते मला म्हणाले आणि चिवड्याची ताटली ओढली.

उरलेलं उत्तर मी नंतर माझ्या फोनवर शोधलं. रोज सराव ठेवला तर उशिरानंही फरक पडतो, असं त्यात होतं. बाबांजवळ बसून वाचून दाखवलं. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

वाशिमच्या डॉक्टरीणबाईंनी आरशासमोर करायचे तोंडाचे व्यायाम दिले होते. ते बाबांनी सोडले. आई सकाळी आरसा मांडायची, ते पालथा घालायचे. पुढं पुढं तिनंही मांडणं सोडलं. आता पाणी, चहा, पंखा, सगळं ते बोटानं दाखवतात.

संक्रांतीला जावई आले, तेव्हा जेवताना आईला म्हणाले, "बाबा आता लय शांत झाले, नाही का?"

आईनं मान हलवली आणि त्यांना तिळाची आणखी एक पोळी वाढली.