जत्रेचं मटण आणि प्रभुभोजन

आमच्या चर्चच्या मंडळीत पुरोहित नाहीत. देव आणि माणूस यांच्यामध्ये आता कुणी भटजी नको, तारण कृपेनं फुकट मिळतं, हे मी लहानपणापासून दर रविवारी ऐकत आलोय. ते ऐकून झालं की मंडळीनं निवडलेल्या पंचांची बैठक बसते आणि कुणाला किती कृपा द्यायची ते ठरवते.

गेल्या वर्षी पाळी माझ्या आईवर आली. उचगावात आमच्या शेजारणीकडे जत्रा होती, आई जेवायला गेली. वडील शेवटच्या आजारात असताना याच बाईनं दवाखान्यात डबे पोचवले होते, तिच्या ताटाला नाही म्हणणं आईला जमणारं नव्हतं. शिवाय मटण होतं, आणि मटणाला नाही म्हणणारा ख्रिस्ती कोल्हापुरात अजून जन्मायचाय. पण बकरं देवाला दाखवलेलं. मूर्तीचा नैवेद्य खाल्ला म्हणून पंचांनी आईचं प्रभुभोजन बंद केलं. आधी मंडळीपुढं उभं राहून चूक कबूल करायची, मग भाकर आणि द्राक्षरस.

पंचांना हे कळलं कसं? थोरले पंच त्याच पंगतीत आईच्या समोर बसले होते. तांबडा रस्सा मागून मागून घेत होते. मी जाब विचारला तर म्हणाले, "म्या डोळं मिटून प्रार्थना केल्ती की. माझं मटण शुद्ध झालं. तुझ्या आईनं थेट घास घेतला."

एकाच पातेल्यातलं बकरं, त्यांच्या ताटात पवित्र आणि आईच्या ताटात पाप. अशा माणसाला पुरोहित म्हणायचं नाही, एवढंच आमचं वेगळेपण.

आई मात्र खचली. वडील गेल्यापासून तिला प्रभुभोजनाच्या त्या एका घासाचा आधार होता, आणि तोच काढून घेतला याचा मला संताप आला. तरी शेजारणीकडं जेवले ही चूक झाली, हे काही तिच्या तोंडून निघेना.

प्रभुभोजनाच्या रविवारी पाळकांनी रंगात येऊन सांगितलं, देवाचं कोकरू वधस्तंभावर एकदाच कापलं गेलं, सगळ्यांसाठी, आता दुसरा बळी नको. मग थोरले पंच भाकरीचं ताट घेऊन आमच्या बाकाशी आले आणि आईला ओलांडून ते माझ्यापुढं धरलं. आईनं ताटाची कड पकडली.

"एकदाच कापलंय म्हणतासा न्हवं?" ती म्हणाली. "मग आता मला कशापायी कापाय लागलाईसा?"

पंच पाळकांकडं बघू लागले, पाळक छताकडं. आईनं तुकडा उचलून तोंडात घातला आणि सगळ्यांदेखत रडत रडत चावला.