माझ्या मेव्हण्याचे किरकोळ गुन्हे

पालघरपासून वाणगावपर्यंत माझ्या मेव्हण्याइतका गुन्हेगार माणूस झाला नाही आणि त्याच्याइतका सज्जनही झाला नाही. हे मी त्याच्या तोंडावर सांगतो, म्हणून इथे लिहायला हरकत नाही. मला लिहायची फारशी सवय नाही, चौथीत शाळा सुटली, तेव्हा जसं बोलतो तसंच लिहितोय. मेव्हणा म्हणजे सख्खा नव्हे. माझी बायको एडवणच्या मच्छीमारांची आणि हा जन्माने इराणातला. लहान असताना चुलत्याचं बोट धरून आला आणि बोईसरलाच राहिला. तारापूर रस्त्यावर माझ्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाला लागून याची पावाची भट्टी. आमचं लग्न झालं त्या वर्षी नारळी पुनवेला हिचा भाऊ होडीच्या पूजेत अडकला, आला नाही, आणि ही राखी हातात घेऊन दारात बसून राहिली. समोर हा पिठाने भरलेल्या हातांनी उभा. हिने त्याच्याच मनगटाला राखी बांधली. "ओवाळणी काय देऊ, बेन?" त्याने विचारलं. ही म्हणाली, "रोज बाजारापर्यंत सायकलवरून सोड." झालं. तेव्हापासून हॅन्डलला पावाच्या पिशव्या, मागे कॅरिअरवर ही आणि हिच्या डोक्यावर मासळीची टोपली, अशी वरात रोज आमच्या दारातून निघायची.

आता सायकलवर डबलसीट नेणं त्या काळी गुन्हा होता. अंधार पडल्यावर दिव्याशिवाय चालवणं हाही गुन्हा. याच्या सायकलला दिवा मी कितीदा बसवून दिला असेल, पण भट्टीत उजेड कमी पडला की हा तोच काढून आत टांगायचा. हवालदाराने धरलं की निमूट दंड भरायचा आणि वर त्याला गरम पाव द्यायचा. हवालदार पाव खायचा आणि दंडही घ्यायचा. पण याचा खरा मोठा गुन्हा म्हणजे वाणगावची साखळी. एकदा दोघं वाणगावचा बाजार करून पॅसेंजर गाडीने परत यायला निघाले. हा डब्यात चढला, टोपली चढली, आणि ही फलाटावर एका गिऱ्हाइकाशी शेवटच्या दोन पापलेटांवरून भांडत राहिली. गाडी सुटली. याने साखळी ओढली. गार्ड धावत आला, "काय झालं?" हा म्हणाला, "बेन राहिली." "मग मागच्या गाडीने येईल की ती." "ती येईल साहेब, मासळी कशी थांबेल?" पालघरच्या कोर्टात त्याला दंड झाला. कोर्टातून बाहेर येताना हीच त्याला बोलली, "दादा, तुला अक्कल नाय. मी त्या गिऱ्हाइकाला पापलेट विकलीच नव्हती, ती दोन घेऊन मागच्या गाडीने आलेच असते."

इतकी वर्षं हा परदेशी म्हणूनच राहत होता. दरवर्षी ठाण्याला जाऊन मुदत वाढवून आणायची, की वर्षभर पाव भाजायला मोकळा. तारापूरला अणुवीज आली, आसपास कारखाने उभे राहिले आणि कचेरीतल्या एका साहेबाने त्याला सांगितलं की अशा भागात परक्या देशाच्या माणसाला मुदत मिळतच राहील असं धरून चालू नका, एकतर इथले व्हा नाहीतर तिकडचं तिकीट काढा. तिकडे त्याला ओळखणारं कुत्रंसुद्धा उरलं नव्हतं. त्याने नागरिकत्वाचा अर्ज केला. अर्जात चालचलणूक चांगली पाहिजे, आणि कधी दंड झाला असेल तर तो सांगावा लागतो. याने सगळं सांगितलं. पुढे महिनाभराने तोच दंडवाला हवालदार चौकशीला आला आणि माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून शेजाऱ्यांना विचारायला लागला, माणूस कसा आहे.

आमच्या लोकांना कोणाबद्दल चांगलं बोलायचं म्हटलं की हात राखून बोलता येत नाही. सगळी आळी जमली. ताडीवाली आजी पुढे होऊन म्हणाली, "देवमाणूस हाय. रोज माझ्याकडं ताडी घेतो, पण कधी आवाज चढवला नाय." हवालदाराने विचारलं, "त्याच्याकडं प्यायचा परवाना हाय?" आजी म्हणाली, "कसला? त्याला परवाना कशाला, मी ओळखते ना त्याला." मग समोरच्या घरातली बाई म्हणाली, "माझी तिन्ही पोरं एका सायकलवरून शाळेत नेतो, एकदापण पाडली नायत." कोणीतरी सांगितलं, दिवा नसताना इतकी वर्षं चालवतो पण कोणाला ठोकलं नाही. हिला वाटलं, लोकांनी घोटाळा केला, आता आपणच सावरावं. ही म्हणाली, "भाऊ, तो लोकांसाठी जीव टाकतो. माझ्यासाठी त्यानं आख्खी गाडी थांबवली." हवालदाराने पेन खाली ठेवलं. "अहो वहिनी, तुमी त्याचं चांगलं सांगायला आलाय का खटला भरायला?" इतक्यात हा पिठाचे हात पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "साहेब, रेडिओचं लायसनपण एक वर्ष भरायचं राहिलं होतं, तेपण लिहून घ्या." हवालदाराने त्या दिवशी पाव घेतला नाही. तसाच उठून गेला.

त्यानंतर उत्तराची वाट बघण्यात माझ्या मेव्हण्याने जो सज्जनपणा केला तो आम्हा सगळ्यांना फार जाचला. स्टेशनमास्तरला पाव द्यायला जाताना फलाटाचं तिकीट काढायचा. ताडी सुटली. दिवस मावळायच्या आधीच दिवा पेटवायचा. आणि डबलसीट बंद. पण ओवाळणी तर दिलेली. मग हा सायकल हातात धरून चालायचा, बाजूने ही टोपली घेऊन चालायची. मी म्हणायचो, "तू तरी बसून पुढं जा." तर म्हणायचा, "मिस्त्री, बेन चालते आणि मी बसू?" ही रस्ताभर त्याला शिव्या घालायची, "तुझ्या कागदापायी माझे गुडघे गेले." पण रात्री मला विचारायची, "खरंच पाठवतील का हो दादाला?" मला काय ठाऊक.

शेवटी ठाण्याहून बोलावणं आलं. आम्ही तिघंही गेलो. साहेबाने कागद चाळले आणि म्हणाला, "दिव्याच्या आणि साखळीच्या दंडाने कोणाचा अर्ज मरत नाही, लपवल्याने मरतो. लोकांचे दंड पोलीस मला कळवतात, लोक लपवतात. तुमचं उलट आहे. पोलिसांना ठाऊक नव्हतं तेही तुमच्या आळीने सांगितलंय." पुढे मंजुरी आली, आम्ही तिघं पुन्हा ठाण्याला गेलो आणि त्याने शपथ घेतली. घेताना याचा आवाज इतका कापत होता की हीच त्याच्या मागून हळू हळू पुटपुटत होती. शपथ दोघांनी घेतली म्हणा. त्या संध्याकाळी बोईसरला उतरलो, सायकल स्टेशनवर ठेवलेली होती. दिव्यात रॉकेल नव्हतं. ही सरळ कॅरिअरवर चढून बसली आणि म्हणाली, "चल आता." नाक्यावर तोच हवालदार उभा होता. यांना येताना पाहिलं आणि चिंचेच्या झाडाकडे तोंड करून चिंचा बघत राहिला. झाडाला तेव्हा चिंचा नव्हत्या.

आता ही नाही. गेली ती गेली, त्यावर मी काय लिहू. भट्टी आता कामगार चालवतात, पण मेव्हणा रोज सकाळी सायकल काढतो, हातात धरून बाजारापर्यंत चालत जातो आणि परत येतो. मी एकदा वैतागून म्हटलं, "आता कशाला चालतोस? बस की. कोण धरणार हाय तुला?" तो म्हणाला, "ओवाळणी हाय, मिस्त्री. बेनला सोडायचंय." तेव्हापासून सकाळी तो निघायच्या आधी मी त्याच्या मागच्या चाकात थोडी जास्त हवा भरतो, कॅरिअरवर माणूस बसणार असला की भरावी लागते तेवढी.