आपल्या माणसांचं कॉलेज

माझ्या बाबांना कोणी मराठीत ‘या, बसा’ म्हटलं की ते पाघळतात. झाशीतल्या आम्हा सगळ्या दक्षिणी, म्हणजे मराठी, घरांना हा रोग आहे. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून आमचं मराठी स्वयंपाकघरापुरतं उरलंय. बडा बाजारात बाबा बुंदेलीत घासाघीस करतात, ऑफिसात हिंदी बोलतात, आणि आम्ही भावंडं मराठीत सुरू केलेलं वाक्य हिंदीत नेऊन सोडतो. त्यामुळे बाहेर कोणी मराठी बोलणारा भेटला की बाबांचा चेहरा बघावा. त्या माणसाला ते घराची किल्ली काढून देतील.

मला पायलट व्हायचं होतं. बारावीला फिजिक्स आणि गणित घेतलं ते त्यासाठीच, आणि डॉक्टरी तपासणीही पास झाले. पदवीबरोबर विमान उडवायला शिकवणारी दोन कॉलेजं आम्ही शोधली, आणि बाबा नि मी दोन्ही बघून आलो.

पहिलं मध्य प्रदेशात होतं, धावपट्टीला अगदी लागून. तिथे आम्हाला कुत्रंही विचारेना. शिकवणारे कॅप्टन घाईने चालले होते, त्यांना बाबांनी ‘सर जी, सर जी’ करत गाठलं, तर ते न थांबता म्हणाले, “जो पूछना है, इन बच्चों से पूछिए. मेरी फ्लाइट है.” मुलांचे हात ग्रीसने माखलेले, वसतिगृह कळकट, मेसची डाळ नुसती पिवळं पाणी. पण विमानं उडत होती. एक उतरलं की दुसरं चढायचं, आणि त्यातल्या एकातून माझ्याएवढीच मुलगी खाली उतरली. मी जागची हलेना. परतताना बाबा म्हणाले, “उर्मट माणूस. पोरीची जात, इथे कोणाच्या भरवशावर ठेवायची?”

दुसरं महाराष्ट्रात, आत्याच्या गावाजवळ. आत्याचे यजमान तिथल्या प्राचार्यांना ओळखत होते. “झाशीची मुलगी,” म्हणत प्राचार्य खुर्चीतून उठलेच. मग काय विचारता. राणी निघाली, किल्ला निघाला, आमचे पूर्वज कोणाच्या फौजेबरोबर इकडे आले ते निघालं. पोहे आले, चहा आला. प्राचार्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, “बाळा, रविवारी आमच्याकडेच जेवायला यायचं हं.” बाबांचे डोळे भरून आले. विमानाचा विषय काही निघेना. शेवटी मीच काढला, तेव्हा आम्हाला शेडमध्ये नेलं. एक विमान होतं, ताडपत्रीखाली. “सध्या दुरुस्तीला आहे,” प्राचार्य म्हणाले. मी बाबांच्या कानात कुजबुजले, “पूछो ना, शेवटचं कधी उडलं होतं?” बाबांनी माझा हात दाबला. ज्यांच्या घरचे पोहे खाल्ले त्यांना असं विचारतात का?

घरी येऊन मी आकाशपाताळ एक केलं. रडले, भांडले, ताटावरून उठले. आई म्हणाली, “अगं, तिथे आत्या आहे, आपली माणसं आहेत. तुझं मराठी तरी सुधारेल.”

मराठी सुधारलं. हे लिहितेय ते त्याच पुण्याईवर.

बाकी काही झालं नाही. पहिल्या वर्षी विमानाचा कुठलासा भाग यायचा होता, दुसऱ्या वर्षी शिकवणारे कॅप्टन सोडून गेले, तिसऱ्या वर्षी परवानगी अडली. लेखी पेपर मी एकामागून एक पास केले, पण पायलटचा परवाना पेपरांवर मिळत नाही. त्याला हवेत घालवलेले तास लागतात, आणि माझ्याकडे एकही नव्हता. बरोबरची मुलं भांडून फी परत घेऊन निघून गेली. मी बाबांना फोनवर सांगायचे, “या आणि भांडा.” ते म्हणायचे, “कसं भांडू बेटा? आत्याचा शब्द मध्ये आहे. आणि ते लोक तुला जेवू घालतात.” भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही. आमच्याकडे जे पैसे होते ते एकदाच खर्च करण्याएवढे होते, आणि ते झाले.

आता मी झाशीजवळ बिजौलीतल्या एका कारखान्यात माल रवाना करण्याचं काम बघते. पास केलेल्या पेपरांनाही मुदत असते. ती यंदा संपली. ते पुन्हा द्यायचे तर कशासाठी, हे मला कोणीतरी सांगावं.

झाशीच्या मराठी मंडळींत मात्र मी अजून ‘पायलटचं शिकलेली’ आहे. बाबांनी ते कधी खोडून काढलं नाही. त्याच लौकिकावर उन्हाळ्यात एका रविवारी बबीन्याच्या लष्करी छावणीतलं एक कुटुंब आमच्याकडे सल्ला विचारायला आलं. वडील सुभेदार, साताऱ्याकडचे. मुलीची बारावी नुकतीच झालेली. तिने भीतभीत विचारलं, “ताई, पहिल्यांदा एकटीनं विमान उडवलंत तेव्हा भीती वाटली का हो?”

चकल्या वाढता वाढता बाबांचा हात थांबला.

“मी उडवलेलं नाही,” मी म्हणाले. “मी विमानात बसलेलीच नाही कधी. प्रवासी म्हणूनसुद्धा नाही.” आणि मग सगळं सांगून टाकलं. मध्य प्रदेशातल्या कॉलेजात जा, असंही बजावलं. सुभेदार गंभीरपणे मान हलवत होते. मला वाटलं, चला, माझी तीन वर्षं निदान हिच्या तरी कामी येतील.

मग मुलीच्या आईने बाबांना विचारलं, “पण भाऊ, माणसं कशी आहेत हिच्या कॉलेजातली? यांच्या सतत बदल्या. पोरीला परक्यांत टाकायचं म्हणजे...”

“माणसं सोन्यासारखी,” बाबा म्हणाले. “आपलीच आहेत. हिचं नशीब नव्हतं, दुसरं काय.”

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटतं. मला तेच सहन होत नाही.

पावसाळा लागल्यावर सुभेदारांचा फोन आला. मुलीचा प्रवेश माझ्याच कॉलेजात घेतला होता. प्राचार्यांना बाबांचं नाव सांगितलं, फार आपुलकीनं बोलले म्हणे. बाबा फोनवर हसत होते. मग त्यांनी तो माझ्या हातात दिला.

“ताई,” मुलगी म्हणाली, “तुमचं नशीब नव्हतं. माझं असेल.”

तिला सांगण्यासारखं जे होतं ते मी आधीच सांगून बसले होते. मी “हो” म्हणाले.