दोन पंख्यांचं जेट

आमच्या कारखान्यातल्या म्हाताऱ्या काकांमुळे मी आज सावंतवाडीत आहे, हे आधी सांगतो.

आठवीतून शाळा सोडून परभणीकडून इथे आलो, तेव्हा लाकडी खेळण्यांचं काम मला नवीन होतं. मालकांनी ठेवून घेतलं ते बजावूनच, एक काम बिघडलं की घरी. आंब्याच्या लाकडावर रंधा मी जपून जपून फिरवायचो. घरी काय तोंड दाखवणार, हीच धास्ती.

अशात कणकवलीचे एक निवृत्त शिक्षक विमानाचा फोटो घेऊन आले. दुसऱ्या महायुद्धातलं, अगदी सुरुवातीचं लढाऊ जेट, पंखांखाली दोन इंजिनं. त्याची लहान प्रतिकृती हवी होती. काम माझ्याकडे आलं. फोटोत पंखा कुठेच दिसेना. आमचं खेळण्यातलं विमान तर पुढचा पंखा फुंकरीने फिरल्याशिवाय दुकानात जायचंच नाही. मी काकांना विचारलं. त्यांनी फोटो उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

"पंखो जोरात फिरता आसा, म्हणान दिसणा नाय."

सगळ्यांना पटलं. मी दोन सुबक पंखे कोरून इंजिनांच्या तोंडाशी खिळीवर बसवले.

शिक्षक आले, विमान हातात घेतलं आणि हसू दाबत म्हणाले, जेटला असा बाहेर पंखा नसतो हो, ते पुढून हवा ओढतं नि मागून आग सोडतं. हसू आलं नाही ते मालकांना. ते माझ्याकडे वळले. माझं मन केव्हाच एसटीत बसलं होतं.

काका लेथ थांबवून मध्ये आले. "ह्या पोराक कित्याक बोलतंस? पंखे लावूक मीच सांगितलंय. त्याचा काम बघ."

मालकांनी विमान उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाले, नीट करून द्या. काकांनी पंखे उपटले, खिळीच्या भोकावर गिरमिट धरलं आणि इंजिनाचं तोंड कसं पोखरायचं ते माझा हात धरून दाखवलं. विमान गेलं, मी राहिलो.

गुडघ्यांमुळे काका आता कामावर येत नाहीत. रविवारी मी त्यांच्या घरी जातो. तुमच्याकडे मासे नाहीत तर जेवता तरी काय, असं ते दर वेळी चिडवतात. एकदा त्यांना गाडी करून परभणीला नेणार आहे, आईच्या हातचं जेवायला. नेणारच.