चिडलेल्या माणसांचा फोटो

मी गॅस एजन्सीच्या खिडकीत बसते. सिलिंडर का आलं नाही, ह्याची उत्तरं द्यायला. समोर येणारा प्रत्येक जण चिडूनच येतो, आणि मी काही गरीब गाय नाही, मीही चिडते. संध्याकाळपर्यंत डोक्याचं पार दही होतं. मागच्या वर्षी तर माणसाचा चेहरा दिसला की माझ्या कपाळावर आठी. दारात दूधवाला उभा राहिला तरी वाटायचं, आता हा ओरडणार. एकदा नवरा म्हणाला, "तू माझ्याकडेही तक्रार घेऊन आल्यासारखी बघतेस." घरातलं बोलणं आटत चाललं होतं आणि मला त्याची खरंच भीती वाटायला लागली होती.

म्हणून भाच्याचा जुना कॅमेरा मागून घेतला. रविवारी सकाळी गाडी काढायची आणि सुटायचं. नियम एकच, फोटोत माणूस नको. अंबाझरी तलावावरचे बगळे काढले, कन्हान नदीची वाळू काढली, झाडं तर विचारूच नका. बगळा बिचारा किती वेळ एका पायावर उभा असतो आणि तोंडातून शब्द नाही! मला तो देवमाणूस वाटायचा.

अशाच एका रविवारी महाल भागातल्या एका जुन्या गल्लीत निळ्या दाराचा फोटो घेत होते. कॅमेरा डोळ्याला लावला, तोच दार उघडलं आणि बनियनवर एक काका बाहेर आले.

"काहून फोटो काढून राहिल्या, बाई?"

"दार छान आहे म्हणून."

"दाराचं काय एवढं? माणसाचा काढा ना!" मी नको म्हणेपर्यंत त्यांनी आत हाक मारलीसुद्धा, "अवं, ये लवकर! फोटो काढून राहिल्या बाई!"

आता आपल्याकडे फोटो म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे. काका आत गेले ते शर्ट घालून, केसांना तेल चोपडून आले. काकू ठेवणीतली साडी नेसून आल्या. दोरीवरचे कपडे निघाले. मग दोघं दारात अशी ताठ उभी राहिली, जसं काही आधार कार्डच काढायचं आहे. मी वैतागले.

"अहो, हसा ना जरा!"

"हसून कुठं फोटो काढत असतेत?" काका म्हणाले.

तेवढ्यात काकूंचं लक्ष त्यांच्या शर्टाकडे गेलं. "हा कोणता घातला? मी काढून ठेवला तो दिसला नाही तुम्हाले?"

"तुले काय करा लागते वं?"

"मले नाही तर कोणाले? बटनं पाहा, खालचं वर अन् वरचं खाली!"

झालं! दोघांची तिथंच जुंपली. काकूंचा हात हवेत, काकांची मिशी थरथरतेय, आणि गल्लीतलं कोवळं ऊन दोघांच्या गालांवर. मी धडाधड फोटो काढत सुटले. माणसं चिडली होती आणि माझ्यावर चिडली नव्हती, हे सुख मला नवीनच होतं. आणि अगं बाई, काय गोड दिसत होती!

फोटो दाखवले तर काकूंनी तोंडाला पदर लावला. "मी अशी दिसतो?"

"रोजच," काका म्हणाले. मग चहा झाला, कोथिंबीर ठासून भरलेली सांबारवडी झाली. घरी येऊन नवऱ्याला फोटो दाखवले. तो ते बघून खदाखदा हसत होता आणि मी त्याच्याकडे बघत बसले. किती दिवसांनी!

सोमवारी पहिलेच आजोबा खिडकीवर हात आपटत आले. "मॅडम, किती वाट पाहा लागते माणसानं?" मीही सवयीनं पदर खोचला. तोंड उघडणार, तर डावीकडचं ऊन नेमकं त्यांच्या पांढऱ्या दाढीवर. रागानं डोळे असे चमकत होते म्हणून सांगू!

"आजोबा," माझ्या तोंडून निघूनच गेलं, "जरा उजेडाकडे वळा ना."

आपटायला उचललेला हात त्यांनी खाली घेतला. मागची रांग माना लांब करून बघायला लागली. आजोबा सावकाश वळले, हनुवटी थोडी वर केली आणि एकदम हळू आवाजात म्हणाले, "असा?"