इजा न झालेला कारखाना

सौंसरच्या रेचेवाल्या भाऊंनी आपलं दुःख कधी चारचौघांत काढलं नाही. धाकटा भाऊ वारला तेव्हा सांत्वनाला गेलेल्या आम्हालाच त्यांनी बसवलं, पाणी दिलं आणि यंदा रामाकोना गावाकडे कापूस कसा आहे ते विचारलं. "आपलं रडगानं लोकायच्या गळ्यात काहून बांधाचं, गुरुजी?" असं त्यांचं म्हणणं. मी शाळामास्तर, त्यांचा शेजारी. मला या स्वभावाचं तेव्हा भारी कौतुक होतं.

कापसातून सरकी वेगळी काढणारे रेचे भाऊ बनवत. लोधीखेड्यापासून पांढुर्ण्यापर्यंत बहुतेक जिनिंगमध्ये त्यांचाच रेचा. तो विकला, की सासरी धाडलेल्या लेकीसारखी त्याची खुशाली विचारायला जात. मग ऐंशी सालानंतर केव्हातरी मुंबईचा एक व्यापारी बाहेरदेशचे रेचे आणू लागला. ते त्यांच्या स्वतःच्या मुलखात महाग आणि इथे स्वस्त. भाऊंचं गिऱ्हाईक तुटलं, निम्मे मिस्त्री घरी बसले. शेवटी त्यांनी दिल्लीला अर्ज केला, की या मालावर जादा कर बसवा, नाहीतर आमचा कारखाना जातो.

चौकशीला साहेब यायचा होता. आमच्या वकिलाने बजावलं होतं, कारखाना आहे तसा दाखवा. भाऊंनी मान डोलावली आणि भिंतींना चुना काढायला घेतला. रेच्यांना रंग दिला. घरी बसलेल्या मिस्त्र्यांना धुतलेले कपडे घालून बोलावलं आणि कापसाचं बोंडही नसताना सगळे रेचे घरघरत ठेवले. साहेबाला पुरणपोळी वाढली, संत्र्यांची टोपली दिली. त्याने धंद्याचं विचारलं तर म्हणाले, "तुमच्या किरपेनं चालून राहिला, सायेब." मी कपाळाला हात लावला.

निकाल आला, की माल स्वस्तात येतो हे खरं, पण इथल्या उद्योगाला इजा झालेली दिसत नाही. कारखाना जोरात चालू आहे.

भाऊ जबलपूरला हायकोर्टात गेले. इंग्रजी कागद वाचायला मी बरोबर होतो. न्यायाधीश शांत माणूस होता. तो म्हणाला, निर्णय रीतसर झाला की नाही एवढंच आम्ही बघतो. अधिकाऱ्याने डोळ्यांनी पाहिलेलं इथे बसून खोटं कसं ठरवायचं? अर्ज फेटाळला गेला.

परतीच्या एसटीत भाऊ म्हणाले, "जजसायेब बरोबर बोलले, गुरुजी. पन घरी आलेल्या मानसाले आपलं फाटकं कसं दाखवाचं?"

कारखाना भंगाराच्या भावात गेला. मिस्त्री नागपूरला पांगले. भाऊंनी अंथरूण धरलं. मी शाळा सुटल्यावर रोज जाऊन बसे. ते टोपी घालून, तक्क्याला टेकून गप्पा मारत, माझ्या पोरांची चौकशी करत. घरी येऊन मी बायकोला सांगे, भाऊ सुधारून राहिले. पुढच्याच आठवड्यात ते गेले.

भाऊंचे दिवस झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "तुमची सायकल वाजली का ते उठून बसत. मले म्हनत, टोपी दे, औषिधं खाटेखाली सरकव. तुमी गेले का उशी तोंडात धरून कन्हत, भाऊजी."

मला फार वाईट वाटलं. भिंतीला भिंत लावून इतकी वर्षं राहिलो, आणि भाऊंनी मलाही पाहुणाच ठेवलं.