भरल्या पानावरून

कापडे गावी धाकट्या बहिणीच्या नव्या घराची वास्तुशांत होती. पंगतीत दुसऱ्याच घासाला वड्याचा तुकडा माझ्या छातीच्या मध्यावर अडकला. पाणी प्यायलो, तेही त्याच्यावर साचून राहिले. आता सारे वर येणार हे कळताच तोंडावर रुमाल धरून उठलो, मांडवाबाहेर पडलो आणि रिक्षा करून थेट महाडचे घर गाठले.

आमच्याकडे भरल्या पानावरून उठणे म्हणजे यजमानाचा अपमान. त्यात उठणारा मी. शेताच्या बांधाच्या वादात मेहुण्यांविरुद्ध मी तहसील कचेरीत लेखी हरकत घेतली होती. ती पुढे मागेही घेतली, पण ते कोण लक्षात ठेवतो? ज्याने आयुष्यभर ग्रामपंचायतीपासून एसटीच्या आगारापर्यंत सर्वांना निषेधाची पत्रे धाडली, त्याचा घास साधेपणाने अडकू शकतो, हे कोणाला पटेना. म्हाताऱ्याने बांधाचा राग पानावर काढला, असा निकाल पंगतीने माझे म्हणणे न ऐकताच देऊन टाकला. बहिणीने बोलणे सोडले.

माझा संताप मात्र निराळ्याच ठिकाणी होता. घास अडकतो या तक्रारीवर डॉक्टरांनी मला कित्येक महिने पित्ताच्या गोळ्यांवर ठेवले होते. दुर्बीण घालून पाहिले, काही दिसले नाही, तेव्हा म्हणाले, "काका, तुम्ही चिडता फार." मी त्यांना लेखी कळवले की पुरावा न दिसणे म्हणजे घटना न घडणे नव्हे. उत्तर नाही. वास्तुशांतीनंतर अखेर मुंबईला अन्ननलिकेतला दाब मोजला, तेव्हा कळले की तिच्या तळाची झडप गिळताना सैलावतच नाही. घास दाराशी येऊन खोळंबतो. ती झडप ताणून रुंद करता येते म्हणे, पण तारीख सारखी पुढे जाते. कारण विचारले की फोनवर गाणे लावून ठेवतात.

अहवालाची प्रत जोडून मी बहिणीला पोचपावतीसह सविस्तर खुलासा पाठवला. तिचा फोन आला.

"दादा, पोस्टमननं सही घेतली माझी! बहिणीला नोटीस पाठवतोस होय रे?"

"नोटीस नाही गो, खुलासा आहे."

"घास अडकला, येवढं तवाच बोलता नाय आलं तुला?"

"घास अडकल्यावर बोलता येत नाही!"

मग म्हणाली, "रविवारी ये."

गेलो. तिने पाट मांडलाच नव्हता. अंगणातच तिने पेजेची वाटी माझ्या हातात दिली.

"बसू नको. बसलासच नाय तर उठशील कशावरनं? उभ्यानं खा."

"घ्या आता ह्याच्यावर हरकत," ओटीवरून मेहुणे म्हणाले.

हरकतीला जागाच नव्हती. दोन घोट उतरले, तिसरा अडकला. पेजसुद्धा! मी वाटी तिच्या हाती देऊन अंगणात येरझाऱ्या घालू लागलो. या झडपेविरुद्ध कोणत्या कचेरीत दाद मागावी?

"उतरला का रे?"

"नाही."

"मग मार अजून एक फेरी."

वाटीवर पदर धरून ती उभीच राहिली. तीही अजून जेवली नव्हती.